चादरी घेऊन बाई उडाली, हे मी खरं मानू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी प्रतापनगरला राहते, बँकेतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आम्हा सात जणींचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, तर्री पोहे होतात, चहा होतो आणि उरलेल्या वेळात पुस्तकावर बोलतो. उन्हाळ्यात मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्यानं कोलंबियाच्या गाब्रिएल गार्सिया मार्केसचं 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' आणलं, इंग्रजीतलं, म्हणाला आई तू हे वाचच. नवतपा लागला होता, दुपारी बाहेर पडायची सोय नाही, मग काय, कूलरसमोर बसून वाचायला घेतलं. आता खरं सांगू का, पुस्तक आवडलं की नाही हेच मला समजून नाही राहिलं.

सुरुवातीची शंभरेक पानं एका दमात झाली. ते झोप उडायच्या साथीचं आहे ना, आख्ख्या गावाची झोप जाते आणि मग हळूहळू लोक सगळंच विसरायला लागतात, वस्तूंना चिठ्ठ्या लावतात, तिथं मी पुस्तक मिटलं आणि रडले. आमच्या सासूबाईंचं शेवटची तीन वर्षं असंच झालं होतं. मी स्वतः स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लावल्या होत्या, 'हे गॅसचं बटण, हात लावायचा नाही', 'हा साखरेचा डबा', आणि एक त्यांच्या आरशावर, त्यांच्याच नावाची.

पण पुढे डोकं फिरलं. ज्याला त्याला नाव अउरेलियानो, नाहीतर होसे आर्कादिओ. लाईट बिलाच्या मागे वंशावळ काढली, तो कागद पुरला नाही. त्यात पादरी चॉकलेट पिऊन जमिनीवरून वर उचलला जातो, एकाचं रक्त घराबाहेर निघून गल्लीबोळांतून वळणं घेत बरोबर आईच्या स्वयंपाकघरात पोचतं, आणि ती सुंदर रेमेडिओस चादरींच्या घड्या घालायला मदत करता करता चादरींसकट आकाशात उडून जाते. बरं उडाली तर उडाली, घरात कोणी हंबरडाही फोडत नाही, भावजयीला पडली आहे तिच्या चादरींची! माझ्या नातवानं निबंधात असं लिहिलं तर बाई लाल रेघ ओढतील. ग्रुपमधली एक म्हणाली की हे सगळं प्रतीक असतं. मी विचारलं चादर कशाचं प्रतीक, तर म्हणे वाचत जा, कळेल.

आणखी एक. तो पुढे कर्नल होणारा अउरेलियानो नऊ वर्षांच्या पोरीच्या प्रेमात पडतो, ती वयात येईपर्यंत थांबतो आणि लग्न करतो, आणि हे सगळं लेखक गोड गोड लिहून राहिला. मला किळस आली. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणतो आई, कॉन्टेक्स्ट बघ.

केळीच्या कंपनीतला संप, चौकातला गोळीबार, तीन हजार मुडद्यांची आगगाडी आणि मग जवळजवळ पाच वर्षं पडणारा पाऊस, इथवर आले आणि पुस्तक ठेवून दिलं. तोपर्यंत जादूचा इतका मारा झाला होता की ते मुडद्यांचंसुद्धा त्यातलंच समजून मी पटपट पानं उलटली. मी चुकीचं वाचून राहिले का? आणि मूळ पुस्तक स्पॅनिश, मी वाचलं इंग्रजी, मराठीत असतं तर फरक पडला असता का?

एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, ती आरशावरची चिठ्ठी काही डोक्यातून जाईना, म्हणून आधी तिथूनच. पुस्तकात थोरला होसे आर्कादिओ बुएंदिया गायीच्या गळ्यात पाटी बांधतो, त्यावर लिहिलेलं काय, तर ही गाय आहे, हिची रोज सकाळी धार काढायची म्हणजे दूध मिळतं, आणि ते दूध उकळून कॉफीत घालायचं. नुसतं नाव लिहून भागत नाही, ती वस्तू कशाला असते तेही लिहावं लागतं कारण उद्या तेही विसरणार. आणि गावातल्या मोठ्या रस्त्यावर एक मोठी पाटी, देव आहे म्हणून. मी कॉलेजात असताना हे वाचून हसले होते. तुम्ही रडलात, कारण तुम्ही असल्या पाट्या स्वतःच्या हातानं लावलेल्या. यात चुकीचं काय असणार बाप्पा, माझंच वाचन तेव्हा कच्चं होतं.

पण एक गंमत तुमच्या लक्षात आली का? ती साथ तुम्ही एका शब्दानं न विचारता मान्य केली. आख्ख्या गावाला एकदम झोप येईनाशी होते, बाहेरून येणाऱ्या माणसाला आपण धडधाकट आहोत हे कळावं म्हणून बकरीच्या गळ्यातली घंटी वाजवत फिरावं लागतं, हे काय आपल्याकडं रोज होतं? तुमच्या घरात त्यातलं काहीतरी घडून गेलं होतं म्हणून तुम्ही त्याला तिकीट न विचारता आत सोडलं आणि बिचाऱ्या रेमेडिओसला तेवढं दारात अडवलं.

आता तिचं बघू. मार्केस लहानपणी आराकाताका नावाच्या गावात आजी-आजोबांकडे वाढला. ही आजी भुताखेतांच्या, मेलेल्या नातेवाइकांच्या गोष्टी सांगायची, आणि आज भाजीत मीठ जरा जास्त झालं हे ज्या चेहऱ्यानं सांगावं त्याच चेहऱ्यानं सांगायची. डोळे मोठे करणं नाही, आवाज खाली नेणं नाही. त्याला ही कादंबरी कित्येक वर्षं लिहिता येत नव्हती, ती आली तो आजीचा सूर सापडल्यावर. तो असंही म्हणायचा की हत्ती उडत आहेत म्हणून सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, चारशे पंचवीस हत्ती उडत आहेत म्हणा, मग कदाचित ठेवतील. म्हणूनच तुम्ही ज्याला जवळजवळ पाच वर्षं म्हणालात तो पाऊस पुस्तकात चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पडतो. ते वरचे दोन दिवस बघा. आपल्याकडंही चांगल्या थापाड्या माणसाला हे बरोबर माहीत असतं, तो 'खूप लोक होते' म्हणत नाही, 'माझ्या पुढं सतरा जण होते' म्हणतो.

आणि चादरी! त्याला ती पोरगी काही केल्या हवेत उचलता येत नव्हती. मग एक दिवस अंगणात वारं सुटलं होतं, एक बाई धुतलेल्या चादरी दोरीवर टाकायला बघत होती आणि चादरी तिला आवरत नव्हत्या, ते बघितलं आणि प्रश्न सुटला. म्हणजे चादर आली ती उडायच्या सोयीसाठी. मे महिन्यातल्या संध्याकाळी वावटळ सुटल्यावर गच्चीवर वाळत घातलेली डबल बेडची चादर तुम्ही कधी एकटीनं धरून बघितली असेल तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल, एक पाय उचलतोच. तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा, पण चादर कशाचंही प्रतीक नाही, चादर चादरच आहे, म्हणूनच तर भावजयीला ती परत हवी आहे.

तरी खरं मानायचं का? मी उलट विचारते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभं राहून तुम्ही 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडल्या आहात ना? रोगराई उठून त्या पुतळ्यावर जाऊन बसते आणि गावाबाहेर जळते, हे खरं मानता का खोटं? तिथं कोणी हा प्रश्नच विचारत नाही. त्याच मिरवणुकीत पुढं महागाईचा बडग्या, म्हणजे तसाच पुतळा, मागं भ्रष्टाचाराचा बडग्या, आणि काळी मारबत तर म्हणे इंग्रजांना सामील झालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईची. म्हणजे इतिहास, राजकारण, करणी-बाधा आणि पोरांचा धिंगाणा, सगळं एकाच रस्त्यावरून एकाच वेळी चाललेलं असतं आणि आपण बाजूला भेळ खात उभे. नागपूरच्या माणसानं पुस्तकातल्या त्या माकोंदो गावात जाऊन बुचकळ्यात पडावं हे मला पटत नाही. रेमेडिओसला मारबत बघता तसं बघा, इतकंच.

नावांचं म्हणाल तर मला तुमची कणव नाही येत, कारण शाळेत आपण भोसल्यांचे रघूजी पहिले, दुसरे, तिसरे आणि मधले दोन मुधोजी पाठ केलेले आहेत आणि त्यातला दुसरा मुधोजी म्हणजेच आप्पासाहेब, हेही परीक्षेत लिहिलेलं आहे. लाईट बिलाचा कागद फेका. ढोबळ खूण अशी की अउरेलियानो म्हटला की घुमा, आतल्या आत राहणारा, आणि होसे आर्कादिओ म्हटला की दांडगा, आडमुठा. जुळ्या भावांपाशी ही खूण चुकते, पण तिथं ती मुद्दामच चुकवलेली आहे, लहानपणी त्यांची अदलाबदल झाली असावी असा घरच्यांनाच डाऊट आहे. आणि वंशावळ परत काढाल तेव्हा मराठी नाती लिहा. इंग्रजीत सगळ्याच आंट. पण अमारांता ही अउरेलियानो होसेची आत्या आहे, त्याच्या बापाची बहीण, आणि शेवटी शेवटी परदेशातून परत येणारी अमारांता उर्सुला ही तिथल्या शेवटच्या अउरेलियानोची मावशी. आत्या आणि मावशी लिहिलं की अर्धा गुंता तिथंच सुटतो, आणि या घरात कोणी कोणाच्या जवळ जाऊन राहिलं आहे हेही धडकन लक्षात येतं. घरातली थोरली बाई उर्सुला, तिला डुकराच्या शेपटीच्या पोराची एवढी धास्ती का, ते मग सांगावं लागत नाही.

त्या लहान पोरीबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. बाहुल्या खेळायच्या वयाची मुलगी, आणि पुस्तक तिच्याकडे बघतं ते त्या माणसाच्या डोळ्यांनी, तिला काय वाटलं असेल हे जवळजवळ नाहीच. चिरंजीवांना सांगा की त्या काळी असं का घडायचं एवढंच कॉन्टेक्स्टनं समजतं, वाचताना आपल्याला कसं वाटावं हे कॉन्टेक्स्ट नाही ठरवत. मोठं पुस्तक आहे म्हणून किळस गिळायची गरज नाही, आणि किळस आली म्हणून पुस्तक फेकायचीही नाही.

पण जिथं तुम्ही पटपट पानं उलटली तिथं मी तुम्हाला हाताला धरून परत नेणार आहे. तो संप खरा आहे. युनायटेड फ्रूट कंपनी नावाची अमेरिकन केळी कंपनी, कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं सिएनागा गाव, 1928चा नोव्हेंबर, मजूर संपावर गेले, आणि 5-6 डिसेंबरच्या रात्री चौकात जमलेल्या लोकांवर लष्करानं गोळ्या घातल्या. किती मेले? ज्या जनरलच्या हुकुमावरून गोळ्या सुटल्या तो म्हणाला सत्तेचाळीस. अमेरिकन वकिलातीनं आपल्या सरकारला कळवलं की हजाराच्या वर. पक्का आकडा आजपर्यंत नाही. मार्केस तेव्हा दोन वर्षांचाही नव्हता, तो ही गोष्ट ऐकत मोठा झाला, आणि तीन हजार हा आकडा त्यानं कादंबरीच्या मापाला साजेसा म्हणून घेतला असं त्यानंच पुढे सांगितलं. आणि मग कहर असा झाला की लोक तोच आकडा इतिहास म्हणून सांगायला लागले.

म्हणजे पुस्तकात बघा काय होतं, बाई उडून जाते तेव्हा गाव मान डोलावतं, आणि त्या जुळ्यांपैकी होसे आर्कादिओ सेगुन्दो मुडद्यांच्या गाडीतून उडी मारून परत येतो, सांगतो की तीन हजार होते, तेव्हा पहिल्याच घरातली बाई त्याला म्हणते इथं कोणी मेलंच नाही. उडणारी बाई सगळ्यांना चालते, चौकातले मुडदे कोणाला चालत नाहीत. आणि तुम्हीही, राग नका मानू, त्या गावासारखंच केलं, जादूचा एक आणखी प्रकार समजून पुढं गेल्या. तुमची चूक नाही, मला वाटतं पुस्तकानं तुम्हाला मुद्दाम तिथं आणून उभं केलं.

हे लिहिताना मला बर्डीच्या उड्डाणपुलाची आठवण येऊन राहिली. आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल असं त्याचं नाव, पण ऑटोवाला विचारतो 'पुलावरून घेऊ की खालून?' आणि आपण म्हणतो वरून घे, सिग्नल लागेल. 23 नोव्हेंबर 1994. अधिवेशन चालू होतं, गोवारींचा मोर्चा होता, लाठीमार, चेंगराचेंगरी, 114 माणसं गेली, बायका आणि लेकरं पुष्कळ. मी तेव्हा कॉलेजात, आमचं घर धरमपेठेत, संध्याकाळी वडील घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीवर बसले आणि आईनं दिलेलं पाणी तसंच हातात धरून राहिले, एवढंच मला दिसतं. आपल्याकडं आकडा आहे, स्मारक आहे, दरवर्षी लोक येतात, माकोंदोपेक्षा बरं म्हणायचं. पण माझ्या भाचीला, जी रोज त्या पुलावरून क्लासला जाते, हे काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाली, मावशी, शंभरच्या वर? इथं? तिचा चेहरा अगदी त्या पहिल्या घरातल्या बाईसारखा झाला होता.

तर ती पंचवीस-तीस पानं परत वाचा. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण तेवढी वाचा.

आता अनुवाद. मूळ पुस्तक 1967 साली ब्यूनस आयर्सला छापलं गेलं, इंग्रजी 1970 साली आलं, ग्रेगरी रबासानं केलेलं. हा रबासाच हवा म्हणून मार्केस थांबला होता, आणि आपल्या मूळ पुस्तकापेक्षा हे इंग्रजी बरं असं तो म्हणायचा असं सांगतात, त्यामुळे दुय्यम काहीतरी वाचलं असं मनात आणू नका. तरी एक जागा दाखवते. पहिल्याच वाक्यात गोळीबाराच्या पथकासमोर उभ्या कर्नलला बापानं बर्फ बघायला नेलेली दुपार आठवते. इंग्रजीत तिथं 'डिस्कव्हर' आहे, म्हणजे शोध लागला. स्पॅनिशमधलं क्रियापद 'कोनोसेर', माणसाशी ओळख होते ना, तेच. मराठीत 'बर्फाची ओळख करून द्यायला नेलं' असं सहज होतं, आणि मला ते जास्त आवडतं. लहानपणी आमच्या गल्लीत लग्न असलं की हातगाडीवर तरटात गुंडाळलेली बर्फाची लादी यायची, वर लाकडाचा भुसा, तो झटकून माणूस टोच्यानं फोडायचा आणि आम्ही उडालेले तुकडे मातीतून उचलून फ्रॉकला पुसून तोंडात. पंचेचाळीसच्या उन्हात ती ओळखच होती, शोध वगैरे कोणी लावला नाही. इंग्रजीत 'यू' एकच, स्पॅनिशमध्ये आपल्यासारखे तू आणि तुम्ही वेगळे, तेव्हा मराठी करणाऱ्याला प्रत्येक संवादात ठरवत बसावं लागेल, मुलगा बापाला काय म्हणेल, जावई सासऱ्याला काय म्हणेल. कठीण काम आहे, पण असे निर्णय आपण घरात रोज घेतोच.

जाता जाता, तो जिप्सी मेल्कियादेस जी पोथी ठेवून जातो ती संस्कृतात आहे, बरं का, ती त्याची मातृभाषा. शेवटचा अउरेलियानो पुस्तक घेऊन घरी बसून संस्कृत शिकतो. दहावीला स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेऊन अकरावीत विसरलेल्या आपण काय बोलावं. पोथीत काय निघतं ते सांगत नाही, शंभर पानं राहिली आहेत तुमची.

प्रश्न : एमएला आहे, पेपरला मॅजिकल रिअ‍ॅलिझम येणारच. हे, म्हणजे जादू रोजच्या वास्तवासारखी लिहिणं, मार्केसनंच सुरू केलं असं लिहू का?
एक विद्यार्थी, नंदनवन

उत्तर : नको लिहू रे. शब्द 1925चा, फ्रान्झ रोह नावाच्या जर्मन समीक्षकानं चित्रकलेबद्दल वापरलेला. मग क्यूबाचा आलेहो कार्पेंतिएर हैती बघून आला आणि 1949 साली आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यानं 'अद्भुत वास्तव' मांडलं, म्हणजे आमच्याकडं अद्भुत आणायला लागत नाही, ते असतंच. मार्केस त्यानंतरचा. एवढं लिहिलं तरी पाच मार्काचं होतं, आणि पुस्तक वाचलं असशील तर एखादं उदाहरण टाक, पिवळ्या फुलपाखरांचं नको, ते सगळे टाकतात.

प्रश्न : शीर्षकातल्या 'सॉलिट्यूड'ला मराठीत काय म्हणायचं? आमच्या घरी यावरून भांडण झालं आहे, मिस्टर म्हणतात एकांत, मी म्हणते एकटेपणा.
एक वाचक, महाल

उत्तर : स्पॅनिश 'सोलेदाद'मध्ये दोन्ही मावतात, त्यामुळे तुमचं भांडण मला मिटवता येणार नाही. एकांत आपण शोधायला जातो, पहाटे अंबाझरीला जातो तसा, एकटेपणा न बोलावता येऊन बसतो. पण म्हातारपणी दार लावून सोन्याचे मासे करणारा, झालेले मासे वितळवून परत तेच करणारा तो कर्नल बघा, त्यानं एकांत मागितला होता की एकटेपणा त्याला येऊन चिकटला, ठरवता येतं का? माझी आजी असल्या माणसाला एकलकोंडा म्हणायची आणि जेवणाचं ताट त्याच्या दाराशी ठेवून यायची. 'एकलकोंडेपणाची शंभर वर्षं' कव्हरवर काही चांगलं नाही दिसणार, पण मिस्टरांना विचारून बघा.